आधी खोताचा घोट

त्या दगडी दोणीत हात घालू नका. पाय तर नाहीच नाही. जत्रेला आलात, देवीला नारळ ठेवा, गूळ-खोबऱ्याचे पोहे खा, पण दोणीपासून चार हात लांब उभे राहा. वेळशेतच्या जत्रेत पोहे भिजवायच्या आधी खोताच्या घराण्यातला कर्ता पुरुष या दोणीतलं वाटीभर पाणी सगळ्यांदेखत पितो. त्याने घोट घेतल्याशिवाय पोह्याच्या एका दाण्यालाही पाणी लागत नाही. शहरातली माणसं फोटो काढतात नि हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही.

असे सांगतात, की पूर्वी डोंगरातल्या झऱ्याचा पाट थेट या दोणीत पडायचा. इथे प्रसादाचे पोहे भिजायचे, भांडी विसळली जायची आणि उरलेलं पाणी खालच्या सुपाऱ्यांना जायचं. आधी माणसाचं तोंड, मग झाडाचं मूळ, अशी साधी रीत होती. मग अप्पा खोताला अवदसा आठवली. झऱ्याजवळ त्याने नवी बाग लावली, बागेखाली म्हशींचा गोठा बांधला आणि पाट वरच्या वर फोडून बागेत घेतला. बागेतून निथळलेलं पाणी गोठा धुऊन खाली दोणीत येऊ लागलं. म्हणजे सुपारीला झऱ्याचं गोडं पाणी आणि देवीच्या प्रसादाला गोठ्याचं धुवण! कोणी ब्र काढला नाही. खोतापुढे तोंड उघडायची टाप होती कुणाची?

त्याच वर्षी जत्रेचे पोहे खाऊन गाव आडवं झालं. हगवण आणि ओकारी. अकरा माणसं गेली म्हणे. पोहे कांडणाऱ्या आवडीचा नवरा धाकू त्यातच गेला, दोन दिवसांत, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. त्याचे दिवस होतात न होतात तोच खोताने देवळात गाव जमवलं आणि सांगितलं, की देवी कोपली आहे, कांडपिणीने विटाळ पाळला नाही. बोट आवडीकडे दाखवलं. लाज कशी वाटली नाही मेल्याला! आवडीला देवळाची पायरी बंद झाली. शेजारणी तिच्या घरचा विस्तवही घेईनात.

खरंच आपल्या हातून पाप घडलं असेल का, म्हणून ती बिचारी कितीतरी दिवस झुरत राहिली. एके दिवशी काय मनात आलं कोण जाणे, पाटाच्या कडेकडेने ती वर चढत गेली. गोठ्याच्या मोरीतून शेण-मूत घेऊन हिरवट पाणी पाटात उतरत होतं. तिने ओंजळीत घेऊन वास घेतला आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. धाकूच्या पोटात गेलं ते हे होतं. खाली येऊन तिने घरोघर सांगितलं. माणसं ऐकून घ्यायची, खोताच्या घराकडे एकदा बघायची आणि दार लोटून घ्यायची.

पुढची जत्रा आली. पोह्यांच्या टोपल्या दोणीवर मांडल्या गेल्या. पाणी तेच. आवडी गर्दी सारून पुढे आली आणि खोतासमोर उभी राहिली. काठावर देवळातली वाटी होती, तिच्याकडे तिने नुसतं बोट केलं.

"अप्पा, माणसं माझ्या हाताने मेली म्हणता ना? यंदा माझा हात कशालाच लागलेला नाही. तुमच्या हाताने वाटी बुडवा आणि एक घोट प्या. मग मी गाव सोडून जाते."

खोत म्हणाला, आज माझा उपास आहे.

"पाण्याने उपास मोडत नाही, अप्पा."

खोताने तिला बाजूला करायला सांगितलं आणि देवीची पालखी उचलण्याचा हुकूम दिला. पालखी हलेना. आठ जण लागले, मग सोळा लागले, तरी तसूभर वर येईना म्हणे. तेव्हा मात्र सगळं गाव खोताच्या तोंडाकडे बघू लागलं. त्याने वाटी बुडवली, ओठांपर्यंत नेली, आणि वासानेच त्याला उमासा आला. वाटी हातातून पडली.

धाकूच्या भावाने पहिली कुदळ उचलली. ज्यांच्या घरची माणसं गेली होती ते सगळे त्याच्या मागोमाग वर गेले. गोठ्याचा दगडसुद्धा जागेवर ठेवला नाही त्यांनी. दिवस मावळायच्या आत झऱ्याचं पाणी दोणीत पडलं आणि पालखी सहज उठली असे सांगतात. खोत आवडीच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. तिने पाय मागे घेतले.

"माझ्या पाया पडून धाकू उठायचा नाही. तू पी. दरवर्षी पी. तुझ्या मुलाने प्यावं, त्याच्या मुलाने प्यावं. गावाला घास देण्याआधी तुमच्या पोटात जाऊ दे."

गावाने नंतर तिची माफी मागितली, देवळात पहिला मान देऊ केला. ती कधी पायरी चढली नाही.

आजही झऱ्याचं पाणी आधी दोणीत येतं, विसळण झाडांना जातं, आणि जनावरं सगळ्यांच्या खाली बांधतात. आजही आवडीच्या घरची एक बाई जत्रेदिवशी इथे येते आणि खोताच्या गळ्याखाली घोट उतरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते. मग प्रसाद न घेता निघून जाते. आम्ही दरवर्षी थांबायचा आग्रह करतो. अजून कोणी थांबलेली नाही.