तळावरची फेरी

तळावर पहिल्यांदा आलेला माणूस एक गोष्ट हमखास विचारतो. मधोमध शेकोटी पेटलेली आहे, बाजूला बसायला चांगले ओंडके आहेत, तरी ही सगळी माणसे शेकोटीभोवती फिरत का असतात? कुणाच्या पाठीवर ढाल, कुणाच्या खांद्यावर धनुष्य, एक जण तर पायापर्यंत चिलखत घातलेला, आणि सगळे आपले गोल गोल. नवा माणूस ओंडक्यावर टेकलाच, तर कुणीतरी येऊन त्याला ढोसते.

'काळदरी' हा संगणकावरचा खेळ ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आपापल्या घरी बसलेली माणसे या खेळात एकत्र येतात, दरीत उतरून राक्षसांशी लढतात आणि थकली की तळावर परततात. इथे जखमा भरतात, शस्त्रांना धार लावून मिळते आणि एकमेकांची उणीदुणी निघतात. शेवटची सोय खेळ बनवणाऱ्या कंपनीने केलेली नव्हती. पण घर म्हटले की ती आपोआप येते.

पूर्वी तळाचा एक कडक नियम होता, असे सांगतात. इथे निदान एक माणूस असेपर्यंतच शेकोटी पेटती राहायची. तळ रिकामा झाला की ती विझे, आणि त्या क्षणी जे दरीत असतील त्यांची नावे पुसली जात. नावाबरोबर वर्षानुवर्षांची कमाईही जाई. म्हणून दरीत उतरताना एकाला राखणीला ठेवत. शेजारच्या एका तळाचा राखणदार म्हणे इतका इमानी होता, की शेकोटीसमोर मांडी घालून बसला तो हललाच नाही. आता, जो बराच वेळ हलत नाही तो झोपला असे धरून खेळ त्याला बाहेर काढतो. त्यालाही काढले, आणि शेकोटी विझली. कचेरीत याच गुणावर माणसाला बढती मिळते. इथे अख्खा तळ बुडाला.

आपल्या तळावर त्या काळी अक्कलकोटच्या उंबरजेकाकू असत. त्या कधी दरीत उतरल्या नव्हत्या. शेकोटीमागे त्यांनी औषधी झाडांची बाग लावली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या जखमांना त्या पाला लावत. लोक त्यांची थट्टा करत आणि पालाही नेत. पुढे दरीतली वाट विषारी धुक्याने अडली. औषध करणारे माणूस सोबत असल्याशिवाय कुणाला पलीकडे जाता येईना. तेव्हा काकू निघाल्या. बाग त्यांच्या नावावर होती. नाव पुसले गेले तर बागही जाणार, हे त्यांना पक्के माहीत होते.

राखणीसाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी निघाली वावटळची. हे त्याचे खेळातले नाव; खरे नाव म्हणे वसंत धायगुडे. तळावर तो चहाच्या घोटापुरताही थांबत नसे. सोनशिंगी सांबराच्या मागे त्याने दरी पालथी घातली होती, आणि ते सांबर होते की नाही याचीच लोकांना शंका होती.

"काकू, दुसरं कुणी बघा. मला बसवत नाही," तो म्हणाला.

"मग बसू नकोस. फिर. बसणाऱ्यांनी काय दिवे लावले ते शेजारी बघितलंस ना?"

वावटळने आपल्या नावाची शपथ घेतली आणि फिरू लागला. दरीत गेलेल्यांचा आवाज कानाला लावलेल्या यंत्रातून येत होता. मधूनच काकू विचारत, "आहेस का?" तो म्हणे, "फिरतोय." पुढे धुके दाट झाले आणि आवाज तुटला. आपण कुणासाठी फिरतो आहोत, ती माणसे अजून आहेत का, हे कळायला त्याला मार्ग उरला नाही.

नेमके तेव्हाच वेशीबाहेर सोनशिंगी सांबर येऊन उभे राहिले, असे सांगतात. प्रत्येक फेरीत वेस समोर येई आणि प्रत्येक फेरीत ते तिथेच असे. वेस ओलांडली की तळ रिकामा. दुसऱ्या तळावरच्या एका मित्राने त्याच्या कानात म्हटले, "अरे, ती माणसं केव्हाच मेली असतील. जा की."

"असतील," वावटळ म्हणाला आणि वेशीसमोरून फेरीतच पुढे गेला. त्याची चाल मात्र इतकी वाढली, की शेकोटीची ज्वाळा त्याच्याबरोबर वळू लागली म्हणे. काही जण सांगतात, शेवटी सांबरच वेशीच्या आत आले आणि त्याच्या मागोमाग एक फेरी घालून निघून गेले. या भागाची हमी मी देत नाही.

काकू परतल्या तेव्हा त्यांची निम्मी माणसे लंगडत होती, पण सगळ्यांची नावे शाबूत होती.

"सांबर आलं होतं म्हणे," काकू म्हणाल्या.

"आलं होतं."

"आणि तू?"

"फिरत होतो. आता जाऊ का?"

तो वेशीबाहेर पडला तो आजतागायत परतलेला नाही. काकू लगेच उठल्या आणि पाय दुखत असतानाही फिरू लागल्या. कुणी म्हणाले, अहो, आता बसा. त्या म्हणाल्या, "तो बाहेर आहे ना."

पुढे कंपनीने नियम काढून टाकला. आता तळ रिकामा झाला तरी शेकोटी विझत नाही आणि कुणाचे नाव जात नाही, असे तिने रीतसर जाहीर केले आहे. खरेही असेल. पण वावटळ अजून बाहेर आहे, आणि कंपनीच्या शब्दावर त्याचे नाव पणाला लावायची तयारी आजवर कुणी दाखवलेली नाही.

आजही तळावर येणारा आधी विचारतो, "आहेस का?" फिरणारा म्हणतो, "फिरतोय." मग एक जण फेरीत शिरतो आणि एक जण मोकळा होतो. गोष्ट ऐकवणाऱ्याची सुटका ऐकणाऱ्याने करायची, अशीही एक रीत पडली आहे. तेव्हा तुम्ही त्या ओंडक्यावरून उठा. मला भाजी आणायला जायचे आहे.