पुढच्याचं घर

त्या बेटावर कुणालाच स्वतःचं घर नव्हतं.

तिथे शंखखेकडे राहत. या जातीची तऱ्हाच न्यारी. पुढून बघावं तर टणक नांग्या, ताठ मिशा, मोठा रुबाब. आणि पाठीमागचं अंग लोण्यासारखं मऊ, उघडंनागडं. ते झाकायला कुणाचा तरी रिकामा शंख लागतो. अंग वाढलं की तो शंख आवळतो, मग त्याहून मोठा शोधावा लागतो. म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहायचं आणि तेही पुरत नाही म्हणून झुरायचं.

शंख मिळत ते पाहुण्यांमुळे. दर हिवाळ्यात पलीकडच्या मोठ्या मुलखातून करकोचे येत. लांब पायांचे, लांब चोचींचे, पोटभर खाऊन आलेले आणि तरीही भुकेले. किनाऱ्यावरच्या गोगलगाई ते वेचून वेचून खात आणि रिकामे शंख वाळूत टाकून देत. त्या उष्ट्यावर बेट जगायचं. यात कुणाला लाज वाटत नसे. लाज वाटायला आधी पाठ झाकलेली असावी लागते.

शंख घ्यायची मात्र एक रीत होती. एखादा मोठा शंख वाळूत पडला की कुणी झडप घालायची नाही. सगळ्यांनी रांग लावायची, थोरला पुढे, धाकटा मागे, आणि प्रत्येकानं पुढच्याची पाठ नांगीत धरायची. सगळ्यात थोरला नव्या शंखात शिरे, दुसरा त्याच्या जुन्यात, तिसरा दुसऱ्याच्या. असं करत रांग एक घर पुढे सरके आणि एकाच शंखानं सगळ्यांचं भागे. पोरांना चालता येऊ लागलं की पहिला धडा हाच असे, पुढचं घर रिकामं झालं की शिरायचं, मागच्याला खोळंबत ठेवायचं नाही.

आणि मौज बघा, करकोच्यांना गोगलगाईंपेक्षा या रांगेचंच वेड जास्त. ती बघायला ते समुद्र ओलांडून येत. रांग सरकली की एका पायावर उभे राहून चोची वाजवत. बेटाला वाटे, आपलं केवढं कौतुक चाललंय.

एका वर्षी पलीकडच्या मुलखात कोरडी नावाचा रोग आला. अंगातली ओल आतून आटत जायची, घसा खरवडायचा, आणि चार दिवसांत धडधाकट जीव वाळून काडी व्हायचा. बातमी कळताच बेटाचा कारभारी दाजीबा यानं पाहुण्यांना यायला बंदी केली. दाजीबा म्हणजे बेटावरचा सगळ्यात मोठा खेकडा, रांगेत कायम पहिला. त्याचा शब्द सगळ्यांनी मानला. कोरडी बेटावर आली नाही.

पण पोरं वाढायची थांबतात होय?

केवडीची पोवळी तर पावसाळ्यातल्या गवतासारखी वाढली. केवडी नवऱ्यामागे एकटी. तिला ही एकच लेक आणि एक थोरला भाऊ, मुरार. पोवळीचा शंख आवळायला लागला तेव्हा केवडीनं तिला निजवून ठेवलं, कमी खायला घातलं. कुठल्या आईनं असं केलं असेल? तिनं केलं. तरी पोर वाढलीच. आधी शेपटीचं टोक बाहेर आलं, मग अर्धी पाठ. दुपारच्या उन्हात ती पाठ लाल व्हायची आणि पोवळी ओठ घट्ट मिटून बसायची.

"दुखतं का गं?"

"नाही. गार वारा लागतो, बरं वाटतं," पोवळी म्हणायची.

केवडी मग स्वतःची सावली तिच्या पाठीवर धरून बसायची. वर आभाळात घार फिरत असे. शेजारच्या सगुणेचं पोर असंच अर्धं उघडं खेळत होतं. घार आली, आणि वाळूत नुसता एवढासा शंख उरला. सगुणा तो शंख छातीशी धरून दिवसभर बसली होती. केवडीला तेव्हापासून डोळाभर झोप नव्हती.

अशात एक दिवस खंड्या आला. हा पक्षी निळाभोर, बोलायला गोड, दोन्ही किनाऱ्यांवर याची ऊठबस. पाहुण्यांना आणणं-नेणं हा त्याचा धंदा. त्यानं सगळ्यांना खडकाशी जमवलं.

"पलीकडे आता सगळं निवळलंय," तो म्हणाला. "पाहुणे खाऱ्या पाण्यात चोची धुऊन उतरतील. लांब उभे राहतील. त्यांनी टाकलेला शंख उन्हात वाळू द्या, मगच शिरा. अहो, आणखी काय पाहिजे? तुम्ही फक्त रांग लावा. वर्षभर रांग दिसली नाही म्हणून कासावीस झालेत बिचारे."

खडकाला चिकटून कालवमावशी बसली होती. जन्मापासून तिथेच, दोन शिंपल्यांच्या मध्ये, मजेत. तिनं शिंपला किंचित उघडला.

"दाजीबा, वर्ष झालं, कोरडीनं आपल्यातलं कुणीही गेलं नाही. दार लावलं म्हणून नाही गेलं. आता का उघडतोस?"

दाजीबाच्या आधी केवडीच बोलली, आणि एरवी चारचौघांत तिचा आवाजही निघत नसे.

"मावशी, तुम्ही घरासकट जन्माला आलात, तुम्हाला बोलायला काय जातंय! कोरडीनं कुणी गेलं नाही म्हणता. घारीनं नेली ती पोरं कुठे गेली? ती माझ्या लेकीएवढीच होती."

मावशीनं शिंपला मिटून घेतला. तिचं खरं होतं आणि केवडीचंही खरं होतं, आणि दोन्ही खरी असली की जो जास्त उघडा असतो त्याचंच चालतं. दाजीबानं विचारलं, पाहुण्यांना बोलवायचं का? पहिली नांगी वर झाली ती केवडीची.

करकोचे आले. उतरताना त्यांनी पाण्यात चोची बुडवल्या. कुणी नीट धुतल्या, कुणी नुसत्या ओल्या केल्या. आखून दिलेल्या जागेवर ते अंतर राखून उभे राहिले, हे खरं. मग त्यांनी गोगलगाई खायला घेतल्या आणि पहिला शंख वाळूत पडला. काय शंख होता! आतून गुलाबी, दाजीबालाही सैल होईल असा.

तो वाळू द्यायचा असं ठरलं होतं. पण बेटावर वाळका शंख कुणी कधी अंगावर घेतला नव्हता. वाळका शंख मेलेल्याचा, जित्यानं ओलाच घ्यायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. शिवाय पाहुणे ताटकळलेले. खंड्या दाजीबाच्या कानाशी लागला, "एवढ्या लांबून आलेत, ऊन उतरेपर्यंत का बसवून ठेवणार त्यांना?" दाजीबानं एकदा मागे वळून बघितलं. मागे वर्षभराच्या उघड्या पाठी होत्या. करकोच्याच्या लाळेनं भिजलेल्या त्या शंखात तो शिरला.

रांग सरकली. चोची वाजल्या. दाजीबाचं घर दुसऱ्याला मिळालं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, मुरारचं केवडीला, आणि केवडीचं घर पोवळीला. पोवळी आत शिरली, पाठ पूर्ण झाकली गेली, आणि ती पोर शंखासकट गोल गोल फिरायला लागली.

"आई, याला तुझा वास येतोय!"

केवडी रडली. आनंदानं रडायची सवय राहिली नव्हती, त्यामुळे तिला ते जरा जडच गेलं. खडकाकडे बघून ती मनात म्हणाली, बघा मावशी, काय झालं? काही झालं का?

दाजीबाच्या मिशा लोळल्या त्या आठवड्याभरात. आधी घसा खरवडायला लागला, मग तो पाण्यातच बसून राहू लागला. वाळूवर आला की थरथरायचा. एका सकाळी तो शंखाच्या तोंडाशी वाळून पडलेला दिसला.

पूर्वी कुणी मेलं तर त्याचा शंख पलीकडच्या कड्याखाली लोटत आणि एक पावसाळा समुद्राला धुऊ देत. आता त्याच दुपारी पाहुण्यांचा नवा थवा यायचा होता.

"गोगलगाई तर पहिल्या थव्यानंच संपवल्या. हा शंख बदलला नाही तर रांग हलणार नाही," खंड्या म्हणाला. "आणि ते कोरडी वगैरे शब्द तोंडातून काढू नका हं. पाहुण्यांनी ऐकलं तर माघारी उडतील, परत येणार नाहीत. दाजीबांना ऊन बाधलं. एवढंच."

मग सगळ्यांनाच ऊन बाधायला लागलं. दाजीबाच्या शंखात दुसरा शिरला. रांग सरकली, चोची वाजल्या. दुसरा वाळला, तिसरा शिरला. शिरणाऱ्याला काय कळत नव्हतं? कळत होतं. पण मागे जो पाठ धरून उभा असे त्याचं पोर उघडं असे, आणि पुढच्यानं पाऊल उचललं नाही तर त्या पोराला घर कुठून मिळणार? तेव्हा जो तो डोळे मिटून पुढे व्हायचा. आणि पुढचा गेला की मागच्यांत दुःखाच्या जोडीला एक सुटकेचा निःश्वासही पडायचा, हे सांगायला जीभ रेटत नाही, पण पडायचा.

असं होता होता मुरार पहिला झाला.

"नको शिरूस," केवडी त्याला म्हणाली. "दादा, तुझ्या पाया पडते."

"मी नाही शिरलो तर तुला माझं घर कसं मिळेल? आणि तुझं पोवळीला?" तो म्हणाला. "बघ की, पोर परत किती वाढलीय." तो हसला आणि शिरला. त्या भल्यामोठ्या शंखात तो पार हरवून गेल्यासारखा दिसत होता.

मुरार गेला त्या दुपारी वाळूवर करकोच्यांची दाटी होती. केवडी आता रांगेत पहिली होती. समोर भावाचा शंख, गुलाबी, ओला. मागे पोवळी, आणि तिची शेपटी पुन्हा बाहेर आलेली. त्यामागे सगुणेची धाकटी, तिच्या मागे आणखी पोरंच. थोरलं असं कुणी उरलं नव्हतं. डोक्यावर घार.

केवडीनं मनाशी पक्कं केलं होतं. ती स्वतःच्या शंखातून बाहेर आली, आणि समोरच्या शंखात न शिरता बाजूला सरकून उघडी वाळूत पडून राहिली. मरायचंच तर घारीच्या हातून मरावं, पण हे घर पुढे चालवायचं नाही. तिच्या शंखात कोरडी नव्हती. तो लेकीला मिळाला की झालं.

"शीर गं," ती म्हणाली. "माझ्यात शीर, आणि तिथेच थांब. पुढच्या शंखाला नांगीसुद्धा लावू नकोस. रांग इथे संपली."

पोवळी आईच्या शंखात शिरली. पोवळीनं सोडलेल्या घरात सगुणेची धाकटी आली आणि तिनं मागून पोवळीची पाठ धरली. करकोचे चुळबुळायला लागले, हे काय मध्येच, पुढचं घर तर रिकामंच आहे. पोवळीला ते काही ऐकू येत नव्हतं. ती आईकडे बघत होती. तिनं आईला असं कधीच पाहिलं नव्हतं. सगळं अंग उघडं, उन्हात लाल होत चाललेलं, आणि घारीची सावली वाळूवरून फिरत फिरत जवळ येत होती.

"आई, तू तुझ्या घरात ये," पोवळी म्हणाली.

"पोवळे, नाही! थांब!"

"मला मामाचं चालेल."

आणि ती निघाली. केवडी जिवाच्या आकांतानं वाळूतून सरपटली, पण घरावाचून शंखखेकड्याला किती चालता येणार? तिची नांगी आपल्या शंखाला लागायच्या आत सगुणेची धाकटी आत शिरली होती. तिच्या जागी तिच्या मागचं पोर, त्याच्या जागी त्याच्या मागचं. पोरांना जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. रांग एक घर पुढे सरकली.

किनाराभर चोची वाजल्या. नव्यानं आलेला एक म्हातारा करकोचा मात्र मान पुढे काढून निरखून बघत होता. त्या प्रचंड गुलाबी शंखाच्या तोंडातून केसाएवढ्या दोन मिशा तेवढ्या बाहेर दिसत होत्या, आणि त्या इकडेतिकडे आईला शोधत होत्या.

"काय हो," त्यानं खंड्याला विचारलं, "रांगेत पहिला सगळ्यात थोरला असतो ना? ही तर अगदीच लहान दिसते."

खंड्या पंख झटकून, नेहमीच्या अदबीनं म्हणाला, "आता इथे हीच थोरली आहे."