चाकातली चुंबळ

"वाकली! परत वाकली!"

खैरगडच्या राजेसाहेबांनी सायकल पायरीवर आपटली. पुढच्या चाकाच्या रिमला हा एवढा पोचा! कड वाकली, टायर सुटला आणि हवा फुस्स!

इतर राजे दसऱ्याला घोड्यावरून सीमोल्लंघन करत. आमच्या राजेसाहेबांना घोड्याची भीती वाटे, पण तसं बोलायची गडावर बंदी होती. म्हणून ते डोंगरी सायकलवरून गडाच्या तीनशे पायऱ्या उतरत. म्हणजे उतरायला निघत! सलग तीन दसरे मधल्या बुरुजापाशी रिम वाकली होती आणि सायकल खांद्यावर घेऊन ते रयतेसमोर पायी वेस ओलांडून गेले होते. आता चौथा दसरा आठ दिवसांवर आला होता आणि आज सरावातच रिम गेली होती.

"भिवाला बोलवा!"

भिवा गडाच्या दरवाजात सायकली दुरुस्त करी. तो धावतच आला.

"म्हाराज, हवा जास्त भरू का? मग रिम नाय वाकायची."

"आणि मी चेंडूसारखा उडू? पायरीवर चाक मऊच पाहिजे!"

"मऊ ठेवलं की दगड थेट रिमला लागतोय, म्हाराज."

"ते मला सांगू नकोस! हवा कमी, रिम शाबूत, आणि बाहेरून चाकात काही फरक दिसता कामा नये. गडावरची लागेल ती वस्तू घे, तुला कोणी अडवणार नाही. पण दसऱ्याला पोचा पडला, तर तुझं दुकान बंद! बिऱ्हाड उचल आणि गड सोड!"

भिवाने टायरमध्ये चिंध्या कोंबल्या. भोकं आपोआप बुजावीत म्हणून टायरमध्ये पातळ चीक घातलेला असे. चिंध्यांनी तो सगळा पिऊन टाकला. चाक जड झालं, डुगडुगलं, आणि राजेसाहेब सायकलसकट कारंज्याच्या हौदात! भिवा घरी आला आणि भांडी पोत्यात भरू लागला.

त्याची लेक हौसा गडाखालच्या झऱ्यावरून डोक्यावर घागर घेऊन आली. बाप बिऱ्हाड आवरताना दिसला. त्या दरवाजाखेरीज आबाला दुसरं जग ठाऊकच नव्हतं. तिने घागर उतरवली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि तिच्याकडे बघतच राहिली.

"आबा, एवढी जड घागर रोज डोक्यावर असती. माझं डोकं का दुखत नाय?"

"चुंबळ असती म्हणून."

"मग रिमलाबी चुंबळ घाला की! टायरच्या आत!"

"चिंध्यांची घातली, पोरी. समदा चीक प्याली ती!"

"मग न पिणाऱ्या कशाची तरी घालू. तुम्ही आधी ती भांडी बाहेर काढा बघू!"

हौसा घागर घेऊन थेट वाड्यावर गेली. दिवाणजी आडवे आले.

"बाईमाणसाचं इथे काय काम?"

"दिवाणजी, सकाळी तोंड कशानं धुतलंत?"

"पाण्याने!"

"मग ते गडावर कुणी आणलं?"

दिवाणजी बाजूला झाले. आतून राजेसाहेबांचं हसू ऐकू आलं. हौसाने घागर त्यांच्यापुढे ठेवली.

"म्हाराज, ही जरा डोक्यावर घ्या."

"मी?" म्हणत राजेसाहेबांनी घागर घेतली. "आई गं!"

"आता खाली चुंबळ ठेवून घ्या."

"अरेच्चा! टोचत नाही!"

"चाकालाबी असंच करते. पण गडावरची लागेल ती वस्तू घेऊ ना? मागनं रागवायचं नाय!"

"राजाचा शब्द आहे!"

तिने काय नेलं, कोणालाच कळलं नाही. घरी फोमचा एक तुकडा तिने घागरीत बुडवून काढला. तो आत कोरडाच होता. मग बापलेकीने त्या फोमच्या दोन कड्या कापल्या, टायरच्या आत रिमभोवती बसवल्या आणि हवा कमीच भरली. चाक दिसायला होतं तसंच!

दसरा उजाडला. राजेसाहेब सुटले! मधल्या बुरुजापाशी चाक दगडावर आदळलं. दिवाणजींनी डोळे मिटले, भिवाने हौसाचा हात घट्ट धरला. पण खण्ण आवाज आलाच नाही, नुसतं धप्प! आणि राजेसाहेब सायकलवर बसूनच वेशीपार! रयत नाचू लागली. रिमवर मोहरीएवढाही पोचा नव्हता. भिवाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

सोनं वाटायला दरबार भरला. दसऱ्याच्या तयारीपायी आठवडाभर सिंहासनाकडे न फिरकलेले राजेसाहेब आज ऐटीत टेकले.

"आई गं!"

गादीची मखमली खोळ जागच्या जागी होती. पण आत फक्त सुकं गवत!

"माझी गादी कुठे गेली?"

"म्हाराज," हौसा पुढे झाली, "आत्ता तिच्यावरूनच तर सीमोल्लंघन करून आलात!"

"पकडा हिला!" दिवाणजी किंचाळले.

"थांबा की! रिमला मार लागू नये, असा हुकूम होता. म्हाराजांच्या बुडाचं कोणी काही बोललंच नव्हतं!"

राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते असे हसले की मंदील खाली पडला.

"खरं आहे, बाई! दुकान तुमचं, दरवाजाही तुमचा! पण आता मी बसू कशावर?"

हौसाने आपली चुंबळ पुढे केली.

"ही घ्या!"

"आणि उद्या तू पाणी कसं आणणार?"

"नायच आणणार! तुम्हाला उठवून चुंबळ मागायची माझी काय टाप? त्यापेक्षा गडावर नळ आणा!"

राजेसाहेब पोट धरधरून हसले. त्यांनी चुंबळ सिंहासनावर ठेवली, तिच्यावर बसून पाहिलं आणि तिथूनच पहिला हुकूम सोडला, "दिवाणजी, नळ बसवा! आणि तो येईपर्यंत गडावर पाणी तुम्ही आणा. चुंबळ मात्र स्वतःची शोधा!"