म्हाळू तेल्याचं तोंड

त्या दिवशी पौषातलं धुकं असं दाट उतरलं होतं, की बैलाला स्वतःची शिंगं दिसत नव्हती. गोष्ट फार मागची, माझ्या आज्यानं पहिल्यांदा पाटी हातात धरली तेव्हाची. सावरदऱ्यात शाळा नवी होती आणि त्या नव्या शाळेत खरूज शिरली होती.

खरूज काय असते ते आजच्या पोरांना ठाऊक नाही, बरंच आहे. बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या यायच्या, खाजवून फुटायच्या. मूठ मिटायची नाही, मग लेखणी धरायची कशी? एकेक पोर घरी बसायला लागलं. पेठे मास्तर म्हणाले, "असंच चाललं तर शिमग्याला शाळा बंद."

गावात म्हाळू तेली होता. घाण्यावर करंजाच्या बियांचं तेल काढायचा. ते कडू तेल दिव्यालाही चालतं आणि खरजेलाही. त्यानं घरोघरी तेल धाडलं. पण लोकांनी काय केलं? जे पोर जास्त रडेल त्याच्या हाताला थोडं चोपडलं आणि उरलेलं दिव्यात ओतलं. तेल लावलेलं पोर पुन्हा भावाशेजारी त्याच गोधडीत झोपलं. घरं उजळली, खरूज तशीच राहिली.

तेव्हा मास्तर म्हणाले, "म्हाळबा, सगळ्यांना एकदमच लावायला हवं. रोज सकाळी तेल लावून पोरं उन्हात बसतील, मग कढत पाण्यानं अंघोळ, मग शाळा. गोधड्या उकळायचं मी घरोघर सांगतो."

म्हाळूनं मान खाली घातली. "सकाळी? मी?"

कारण त्या काळी सकाळी तेल्याचं तोंड दिसणं अपशकुन मानायचे. खोटंच होतं, पण मानायचे. ऊन वर येईतो म्हाळू दाराबाहेर पडायचा नाही. शेजारची गौराक्का पाण्याला निघाली की ओरडायची, "म्हाळ्या, आत हो रे! माझा दिवस नासवू नको." तिची नात, तान्ही तिचं नाव, शाळेत जायची आणि तीच खरजेनं हैराण होती. पोरं सकाळी म्हाळूपुढं जाणार हे कळल्यावर ती कडाडली, "माझ्या नातीला काही झालं ना, तर तुझा घाणा मोडून चुलीत घालीन!"

आणि त्या धुक्याच्या सकाळी म्हाळू डोक्यावरून घोंगडं ओढून शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. बाहेर नुसते दोन हात. पोरं आपले हात पुढं करायची.

"चुरचुरतंय का, बाळा?"

"लई."

"मग लागू पडतंय."

असं म्हणतात, त्याला आडोसा म्हणून धुकं रोज शाळेभोवती येऊन उभं राहायचं आणि शेवटच्या पोराला तेल लागलं की उन्हाला वाट द्यायचं. असं म्हणतात, त्याची बुधली कधी रिकामी झाली नाही. बैल आपण होऊन घाण्याला मान लावायचा, असंही म्हणतात. बैलाचं मी तितकं धरत नाही, पण आजा शपथेवर सांगायचा.

हळूहळू पोरांच्या हातांवरच्या पुटकुळ्या सुकल्या. तान्हीनं पाटीवर 'ग' काढून आजीपुढं धरला.

"हे काय गं?"

"तू."

गौराक्कानं पाटी बाजूला ठेवली आणि नातीची बरी झालेली बोटं एकेक करून चाचपली.

पण इतके हात हातात घेतल्यावर खरूज म्हाळूच्या हातात आली. पोरांना पुन्हा लागू नये म्हणून तो दार लोटून घरात बसला. बोटं इतकी सुजली, की घरात तेल असून बुधलीचं बूच निघेना. त्याला कोण लावणार?

मग एका सकाळी धुकं पडलंच नाही. लख्ख ऊन. गौराक्कानं कळशी खाली ठेवली आणि त्याचं दार ढकललं.

"आक्का, मागं फिर! सकाळ आहे!" म्हाळूनं घाईनं घोंगडं ओढून घेतलं.

ती फिरली नाही. तिनं बूच काढलं, त्याचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बेचकी न् बेचकी तेलानं भरली.

म्हाळू गेला, आक्का गेली. पण सावरदऱ्यात शाळा उघडते त्या सकाळी पोरं अजून आधी तेल्याच्या दारी जातात. त्या घरचं जे कुणी असेल ते तोंड न झाकता उंबऱ्यात उभं राहतं आणि पोरांच्या तळहातावर करंजतेलाचं बोट ओढतं. घोंगडं आता कुणी पांघरत नाही, तरी हात पुढं करताना पोरं तेच म्हणतात, जे गौराक्का त्या सकाळी म्हाळूला म्हणाली होती:

"म्हाळबा, घोंगडं काढ. सकाळच्या पारी तुझं तोंड बघायला आलेय मी."