कड्यावरची दोन मोहोळे

ही गोष्ट गेल्या फाल्गुनात मध काढणाऱ्या धाकू हिलम यांच्याकडून ऐकली.

फार पूर्वी एका कड्यावर आग्यामाश्यांची दोन मोहोळे शेजारी नांदत होती. एका माशीने नांगी उगारली की तिच्या वासाने दोन्हींकडच्या साऱ्या माश्या उठत. या धाकामुळेच शांतता टिकते, असा दोन्हींकडे अभिमान होता.

एका दुपारी पहाऱ्यावरच्या चिमी नावाच्या माशीच्या पाठीवर काहीतरी आदळले. मागे पोळ्यात कोवळी पिल्ले होती. तिने नांगी उगारली.

"अगं बये, आधी बघ तरी!" म्हातारी माशी ओरडली.

"बघत बसले तर उशीर होईल, आजी!"

मग चिमीने वळून पाहिले. वाळके पान होते. वास मात्र पसरला होता. दोन्हींकडच्या साऱ्या माश्या उठल्या आणि एकमेकींवर तुटून पडल्या.

सायंकाळी दोन्ही पोळी मधाने भरलेली होती आणि राखायला कोणी नव्हते.

चिमीने पान पाहिले, एवढा भाग पडताळता आलेला नाही. सांगायला एकही माशी उरली नव्हती.