तेलाचं पान

त्या राज्यात हिवाळा लांब असे आणि अंधार त्याहून लांब, म्हणून तिथल्या बाजारात सगळ्यात मोठी उलाढाल तेलाची होई.

बाजारात दोन तऱ्हेची पानं विकली जात. एक पान म्हणजे तेलाच्या घाण्यात हिस्सा. दुसरं पान म्हणजे करार: पौर्णिमेला ते ज्याच्या हाती असेल, त्याने ठरलेलं तेल घरी न्यायचं. बहुतेक जनावरं पौर्णिमेआधीच हे पान चार दाणे जास्त घेऊन पुढे विकत. तेलाचा थेंबही त्यांच्या अंगणात येत नसे.

एका वर्षी तापाची साथ आली. वाटा ओस पडल्या, नाक्यांवरचे दिवे विझले. घाणा मात्र फिरतच राहिला. तेलाच्या कराराचं पान पन्नास दाण्यांवरून एका दाण्यावर आलं.

कंठाजी साळिंदराने बिळातल्या कोठीतून मूठभर दाणे काढले.

"एका दाण्याला एक पान," तो बायकोला म्हणाला. "आता आणखी पडून पडून कुठे जाणार? शून्य म्हणजे जमीन. जमिनीखाली काय असतं?"

"आपण असतो," भागी म्हणाली. "आपलं बीळ कुठे आहे मग?"

तो हसला आणि मूठभर पानं घेऊन आला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी घाण्याचा हिस्साही मातीमोल झाला. शेजारच्या सशाने आपलं हिश्शाचं पान फाडलं, बाजाराच्या पायरीवर बसून तो पोटभर रडला आणि रिकाम्या हाताने घरी गेला. कंठाजीचीही पानं शून्यावर आली होती. त्यानेही ती चुरगाळून फेकली.

मुंगूस दलालाने ती उचलून त्याच्या हातात परत दिली.

"ही फेकता येत नाहीत, कंठाजीराव. उद्या गाड्या येतील."

"मग कुणालाही फुकट देऊन टाका."

"फुकट कोण घेईल? तेल ठेवायला जागा कुणाकडे आहे? पानामागे दहा दाणे द्या, मी गिऱ्हाईक बघतो."

"मी द्यायचे? अहो, विकणारा मी!"

"तेच तर सांगतोय."

कंठाजी तरातरा निघून गेला. दुपारी परत आला, तेव्हा दलाल पानामागे चाळीस मागत होता. संध्याकाळी मागायलाही कुणी उरलं नव्हतं.

सकाळी गाड्या आल्या. हमालांनी आधी मडकी भरली, मग कोठी, मग पिल्लांची निजायची जागा. भागीने कोठीतले दाणे आधीच बाहेर काढले होते. ती मडकं घेऊन दारोदार फिरली. मडक्यासोबत दाण्यांची ओंजळ दिली, तरच दार उघडे. ससाही आला. तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, घरात खायला काही नाही." तीन ओंजळी घेऊन त्याने एक मडकं उचललं आणि वळणापलीकडे जाऊन उपडं केलं.

दाणे संपले. बीळ तोंडापर्यंत भरलेलंच राहिलं.

हिवाळ्याची पहिली सांज झाली, तेव्हा ते कुटुंब बिळाबाहेर उतारावर बसलं होतं. उतार तेलाने निथळत होता. कंठाजीच्या प्रत्येक काट्यावरून तेल ठिबकत होतं.

"आई, थंडी वाजते," धाकटं पिल्लू म्हणालं. "दिवा तरी लाव ना."

भागीने त्याच्या पंजातले गारगोटीचे दोन्ही दगड अलगद काढून घेतले आणि दूर दरीत फेकून दिले.