माकडाने काढलेला फोटो

एका जंगलातल्या नदीकाठी, दाट लव्हाळ्यामागच्या बिळात एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. पिल्ले अजून इतकी लहान होती की त्यांना पोहताही येत नव्हते. आई मासे आणायला गेली की ती बिळाच्या तोंडाशी खेळत बसत. लव्हाळ्यामुळे ती कुणाला दिसत नसत, म्हणून आईही निर्धास्त असे.

माकडाच्या हाती कोलीत ही म्हण तुम्हाला ठाऊक असेलच, मुलांनो. या जंगलातल्या माकडाच्या हाती मात्र कॅमेरा आला होता. कुणी सहलीला आलेला माणूस तो विसरून गेला होता. माकडाने फांदीवर बसून खटके दाबले आणि आठ दिवसांत ते स्वतःला मोठे छायाचित्रकार समजू लागले. “मावशी, तुमच्या पिल्लांचा एक फोटो काढू का?” त्याने पाणमांजरीला विचारले. “काढ बापड्या, पण लव्हाळ्याच्या पलीकडूनच,” ती म्हणाली. माकडाने पुष्कळ फोटो काढले, पण प्रत्येक फोटोत पिल्लाच्या नाकावर एक तरी गवताची काडी आडवी येई. जवळच पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा म्हणाला, “जरा दम धर. वारा आला की लव्हाळे आपोआप वाकते. एका माशासाठी मीही सकाळपासून उभा आहेच की!” माकडाने कसाबसा अर्धा तास दम धरला.

मग पाणमांजरी मासे धरायला गेल्याचे पाहून ते खाली उतरले आणि त्याने बिळासमोरचे लव्हाळे मुळापासून उपटून टाकले. “चार काड्यांनी काय बिघडते?” असे वर म्हणालेसुद्धा. बिळाच्या तोंडाशी लख्ख ऊन पडले. एक पिल्लू उन्हात येऊन पाठ शेकू लागले. माकडाने एक डोळा मिटला, दुसरा कॅमेऱ्याला लावला आणि खटका दाबला. तेवढ्यात वरून घार झेपावली आणि पिल्लाला उचलून घेऊन गेली. धावत आलेल्या आईला फार उशीर झाला होता. तिने उरलेले पिल्लू मानेला धरून तोंडात उचलले आणि ती पलीकडच्या काठाला निघून गेली. तिचे रडणे मात्र नदीवर बराच वेळ ऐकू येत होते.

“मी तर पिल्लाला बोटही लावले नाही!” माकड रडवेले होऊन बगळ्याला म्हणाले आणि त्याने कॅमेऱ्यातला फोटो पुढे केला. बगळ्याने तो नीट पाहिला. “फोटो स्वच्छ आला आहे,” तो म्हणाला. “पिल्लाच्या मिशा दिसतात. त्याच्या पाठीवर पडलेली घारीची सावलीही दिसते.” माकडाने तोपर्यंत ती सावली पाहिलीच नव्हती.

तात्पर्य : आपल्याला नीट दिसावे म्हणून दुसऱ्याचा आडोसा मोडू नये, मोडलेला आडोसा शत्रूलाही वाट करून देतो.